आजाराचा वनवास आणि भजनी मंडळाची साथ

मुंबईकडे जाणारी देवगिरी एक्सप्रेस परभणी स्थानकात येते तेव्हा फलाटावर व्यापारी घरांतील माणसे हमखास दिसतात. दिवाळीच्या तोंडावर, लग्नसराईच्या आधी त्यांची संख्या वाढते. हातात हलकी बॅग, खिशात मालाची यादी. याच घोळक्यात एखादे जोडपे थोडे बाजूला उभे असते. त्यांच्या पिशवीत मालाची यादी नसते. तपासण्यांचे अहवाल, स्कॅनच्या मोठ्या फिल्म आणि गावच्या डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी असते. रात्रभराचा, सुमारे साडेपाचशे किलोमीटरचा प्रवास करून त्यांना परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात पोचायचे असते. शेजारी, दुकानातील नोकर, मोंढ्यातील अडते, फार काय, मंदिरात रोज भेटणारी मंडळी, या सर्वांना त्यांनी एवढेच सांगितलेले असते की, "खरेदीला जाऊन येतो."

परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड या पेठांतील कोणत्याही जुन्या घराला हे वाक्य परके वाटणार नाही. ते खोटे बोलण्याच्या हौसेतून येत नाही; त्यामागे हिशेब असतो. व्यापार चालतो तो पत आणि शब्द यांच्या आधारावर. गादीवर बसणारा कर्ता पुरुष आजारी आहे असे कळले तर माल उधार देणारा हात आखडता घेईल, आणि ज्यांच्याकडे आपली उधारी आहे ते पैसे द्यायला वेळ लावतील, अशी धास्ती असते. आजार घरातील स्त्रीला असेल तर चिंता वेगळी. मुलीचे स्थळ पाहणे चालू आहे, सोयरिकीच्या बोलण्यात हा विषय निघाला तर काय, हा प्रश्न उपचाराच्या खर्चाआधी घरात विचारला जातो. स्तनाच्या कर्करोगापैकी साधारण पाच ते दहा टक्केच आनुवंशिक जनुकीय दोषामुळे होतात, आणि तसा दोष आहे की नाही हे आता तपासता येते. परंतु सोयरिकीच्या बैठकीत टक्केवारी कोण ऐकतो?

म्हणून दार लावून घेतले जाते. रुग्णाची खोली वरच्या मजल्यावर जाते. केस गेले की पाहुणे टाळले जातात. काही घरांत आजही ताट-वाटी वेगळी केली जाते. वास्तविक कर्करोग एकत्र जेवल्याने, शेजारी बसल्याने किंवा हात हातात घेतल्याने लागत नाही, ही गोष्ट वैद्यकाने कधीच निकाली काढलेली आहे. जी श्राविका वर्षानुवर्षे अभिषेकाच्या वेळी स्तवन उचलून धरीत होती, ती अचानक मंदिरात दिसेनाशी होते. मंडळातील भगिनी आधी चौकशी करतात, मग तर्क करतात, आणि शेवटी गप्प बसतात. त्यांना काही सांगितलेले नसते, म्हणून त्या येत नाहीत. आणि त्या येत नाहीत म्हणून आजारी बाईला वाटते की लोकांनी आपल्याला सोडले. दोन्ही बाजूंनी कोणाचाच दोष नसताना एक माणूस एकाकी पडते.

याच जिल्ह्यातील ताडकळस गावच्या गंगूबाई अंबोरे या स्त्रीच्या जात्यावरच्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्या संग्रहात गंगूबाईंचा आवाज आहे. त्यांनी गायिले ते सीतेच्या वनवासाचे दुःख. मराठवाड्यातील स्त्रियांनी एकाकीपणासाठी सीतेलाच साक्षी ठेवले आहे. जाते ओढताना गायलेली ओवी ही एकटीची असते, आणि ती ऐकून शेजारची बाई दुसरी ओवी जोडते तेव्हा ती एकटीची राहत नाही.

जैन परंपरेतही सीतेचा हा वनवास आहे. आचार्य रविषेणांनी सातव्या शतकात रचलेल्या पद्मपुराणात तो सविस्तर येतो आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास गुणकीर्तींनी तीच कथा मराठीत आणावयास घेतली. तेथे एक प्रसंग असा आहे, की ज्याची आठवण रुग्णाच्या घरी जाणाऱ्या प्रत्येकाने ठेवावी. सेनापती कृतांतवक्त्र गर्भवती सीतेला घोर अरण्यात सोडून परततो. ती विलाप करीत असताना हत्ती पकडण्यासाठी वनात आलेला पुंडरीकपुरचा राजा वज्रजंघ तिचा आवाज ऐकतो. तो तिच्यावरील आळ खरा की खोटा याचा निवाडा करीत बसत नाही. तो तिला धर्मभगिनी मानतो, पालखीत बसवून आपल्या नगरीत नेतो, आणि तेथेच तिच्या दोन्ही पुत्रांचा जन्म होतो. वनवास संपविण्याचे सामर्थ्य वज्रजंघाकडे नव्हते. एकटेपण संपविणे मात्र त्याच्या हाती होते.

भजनी मंडळाचेही काम एवढेच आहे, आणि ते लहान नाही.

आपल्या समाजात गावोगावी महिला मंडळे आहेत, पाठशाळा आहेत, पर्युषणात आणि दशलक्षण पर्वात संध्याकाळी आरती-भक्तीला जमणारे तरुण आहेत. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या गुहामंदिरांत किंवा नवागड क्षेत्रावर यात्रेला निघालेल्या मोटारीत स्तवनांशिवाय वाट सरत नाही. एखादी गळा असलेली बाई ओळ सांगते, बाकीच्या मागे म्हणतात. कोणी बेसूर गायिले तरी चालते. चूक झाकायला पंधरा आवाज असतात. सामूहिक गाण्याचे सारे वैद्यकीय गुण या एका गोष्टीत साठलेले आहेत असे म्हटले तरी फारसे वावगे होणार नाही. आजारी माणसाचा श्वास अर्ध्यावर तुटला तरी ओळ तुटत नाही. ती पुढच्या ओळीला पुन्हा सामील होऊ शकते. दिवसभर तिला औषधाची वेळ, रक्ताचे आकडे, पुढची तारीख हेच ऐकावे लागते. त्या तासभरात तिच्याकडून कोणी काही अहवाल मागत नाही.

ब्रिटनमधील वेल्स प्रांतात हा विषय पद्धतशीरपणे तपासला गेला आहे. तेथील टेनोव्हस कॅन्सर केअर या संस्थेने २०१० सालापासून कर्करोगाशी संबंध आलेल्या लोकांची गायक-मंडळे सुरू केली. त्यांत रुग्ण असतात, त्यांची शुश्रूषा करणारे नातेवाईक असतात, आणि ज्यांचे माणूस या आजाराने गेले असे लोकही असतात. गाता येते का, अशी परीक्षा घेतली जात नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या संशोधकांनी अशा पाच मंडळांतील १९३ जणांची गाण्याच्या सरावापूर्वी आणि सरावानंतर लाळ तपासली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की सुमारे तासाभराच्या गाण्यानंतर शरीरातील ताणाचे संप्रेरक, ज्याला कॉर्टिसॉल म्हणतात, ते कमी झाले होते. प्रतिकारशक्तीशी संबंधित काही प्रथिनांचे प्रमाण वाढले होते. मन हलके झाल्याचे सर्वच गटांनी सांगितले, आणि ज्यांचे मन आधी अधिक खचलेले होते त्यांना लाभ अधिक झाला होता.

यावरून गाण्याने कर्करोग बरा होतो असा निष्कर्ष कोणी काढू नये. एका सरावापुरता शरीरात काय बदल होतो एवढेच त्या अभ्यासाने पाहिले होते. मंडळात येण्याने आयुष्य वाढते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची गोष्ट मोठी बोलकी आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास केला. काही जणींना वर्षभर दर आठवड्याला एकत्र बसून मन मोकळे करण्याची सोय दिली, बाकीच्यांना नेहमीचेच उपचार. १९८९ साली त्यांनी जाहीर केले की एकत्र बसणाऱ्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या आणि इतर १८.९ महिने. जगभर ही वार्ता गाजली. मग कॅनडात २३५ स्त्रियांवर अधिक काटेकोर चाचणी झाली. तिचा निकाल २००१ साली आला आणि तो वेगळा होता. आयुष्य वाढले नव्हते. स्पीगल यांनी स्वतः १२५ स्त्रियांवर पुन्हा प्रयोग केला आणि २००७ साली, आपला पहिला निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही, हे प्रांजळपणे लिहिले. एवढा प्रामाणिकपणा दुर्मीळच.

पण कॅनडातील चाचणीचा दुसरा भाग फारसा कोणी वाचत नाही. ज्या स्त्रिया गटात बसत होत्या त्यांचे मन अधिक स्थिर होते आणि त्यांना वेदना कमी जाणवत होत्या. ज्यांची अवस्था सुरुवातीला अधिक बिकट होती त्यांना हा लाभ विशेष झाला. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर खात्यावर दिवस वाढले नाहीत, दिवसांची किंमत वाढली. ज्या घराने रात्री दोन वाजता वेदनेने कण्हणारे माणूस पाहिले आहे, त्या घराला हा व्यवहार तोट्याचा वाटणार नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण ती न सांगितल्याने घरे बुडालेली आहेत. आपल्याकडे स्तोत्रांच्या प्रभावाच्या कथा प्रसिद्ध आहेत. अकराव्या शतकातील आचार्य वादिराजांनी एकीभाव स्तोत्र रचिले आणि त्यांचा कुष्ठरोग नाहीसा झाला, अशी परंपरा आहे. भक्तामर स्तोत्राच्या पंचेचाळिसाव्या काव्यात जलोदराने वाकलेल्या, जगण्याची आशा सोडलेल्या रोग्यांचा उल्लेख येतो, म्हणून आजारपणात त्याचा जाप केला जातो. श्रद्धेने तो करावा. पण गाठ लक्षात आल्यावर तपासणी पुढे ढकलून, किंवा केमोथेरपीचे चार डोस झाल्यावर "आता फक्त जाप करू" म्हणून उरलेले सोडून देणे, हा स्तोत्राचा आदर नव्हे. पहिल्या अवस्थेत सापडलेला आजार तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत न्यायला तीन-चार महिन्यांची टाळाटाळ कधीकधी पुरेशी होते. जे मंडळ रुग्णाकडे भक्तीला जाते त्याने जाताना "पुढची तारीख कधीची?" हेही विचारावे, आणि त्या तारखेला सोबत कोण जाणार हे ठरवूनच उठावे.

आजाऱ्याची सेवा ही आपल्या धर्मात परोपकाराची शोभा म्हणून सांगितलेली नाही. ती तपात मोजलेली आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आभ्यंतर तपाचे सहा प्रकार येतात. त्यांत प्रायश्चित्त, विनय, स्वाध्याय, व्युत्सर्ग आणि ध्यान यांच्या पंक्तीला वैयावृत्त्य बसविले आहे. ही सेवा कोणाची करावयाची त्यांची यादीही तेथेच आहे, आणि त्या दहा नावांत आचार्य-उपाध्यायांच्या सोबत 'ग्लान', म्हणजे रोगाने क्षीण झालेला, हे नाव आहे. सूत्र मुनिसंघाच्या संदर्भातील आहे हे खरे. पण श्रावकाला त्यातून काही शिकण्यास मनाई नाही.

सम्यग्दर्शनाच्या निर्विचिकित्सा या अंगासाठी जी कथा सांगितली जाते ती पाठशाळेत सर्वांनी ऐकलेली असते. राजा उद्दायनाची परीक्षा घेण्यासाठी एक देव रोगजर्जर मुनीचे रूप घेऊन आहाराला येतो. आहार घेतो आणि राजा-राणीच्या अंगावरच ओकारी करतो. सेवक नाक धरून पळतात. राजा आणि राणी प्रभावती मात्र, आपल्याकडून आहारात काही चूक झाली असावी, असे म्हणत त्या मुनीचे शरीर धुतात. केमोथेरपी चालू असलेल्या घरात ही कथा निराळीच ऐकू येते. ओकारी, तोंडाला येणारा वास, गळणारे केस, पोटावर लावलेली शौचाची पिशवी, यांच्यासमोर बसून ज्याला सहज गाता येते त्याने निर्विचिकित्सा अंग पाठ केले आहे असे समजावे.

रुग्णाशी बोलताना एक शब्द मात्र फार जपून वापरायला हवा. तो म्हणजे कर्म. असाता वेदनीय कर्माचा सिद्धांत प्रत्येक जैनाला माहीत आहे, आणि आजारी माणसालाही तो माहीत असतो. "मागचे काही असेल" हे वाक्य तिला नवे ज्ञान देत नाही, फक्त आरोपी ठरविते. सिद्धांत स्वतःच्या मनाला समता देण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या उशाशी बसून निकालपत्र वाचण्यासाठी नाही. शास्त्राने आर्तध्यानाच्या चार प्रकारांत पीडेचे चिंतन हा एक प्रकार सांगितला आहे. 'हे दुखणे कधी जाईल' या एकाच विचाराभोवती मन फिरत राहणे, हे त्याचे स्वरूप. रात्री जागणाऱ्या रुग्णाला ते कोणी समजावून सांगावे लागत नाही. त्या घेऱ्यातून मनाला तासभर बाहेर काढणारी जी थोडी साधने आहेत त्यांत ओळखीचे स्तवन आणि ओळखीचे आवाज येतात.

आता मंडळाने जावे कसे, हा व्यवहाराचा भाग. केमोथेरपीचा डोस बहुधा दर तीन आठवड्यांनी असतो. डोस दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या दिवसांत वीस जणींनी खोलीत गर्दी करणे म्हणजे प्रेमाने जंतू वाहून नेणे होय. त्या आठवड्यात गाणे फोनवरून व्हावे, किंवा दोघी-तिघींनी ओसरीवर, उघड्यावर, अंतर राखून बसावे. सर्दी-खोकला असलेल्याने तर मुळीच जाऊ नये. याच काळात रुग्णाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे लागते. परभणीसारख्या ठिकाणी रात्री अकरा वाजता गाडी कोणाची निघणार, हे आधीच ठरलेले असले पाहिजे. ज्या मंडळात स्तवनांची वही आहे त्याच वहीच्या मागच्या पानावर गाडी असलेल्या चार घरांचे क्रमांक लिहिलेले असावेत.

तोंडात फोड आले असतील तर तिला म्हणण्याचा आग्रह करू नये. मानेवर किरणोपचार चालू असतील तर तोंड कोरडे पडते. पाण्याचा घोट मध्येच घ्यावा लागतो. काही औषधांनी बोटांना मुंग्या येतात, टाळ धरवत नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा आखडतो. डॉक्टरांनी सांगितलेले हाताचे व्यायाम कंटाळवाणे असतात, ते मात्र स्तवनाच्या ठेक्यावर दोघी-तिघींनी मिळून केले तर रोज होतात. रात्रिभोजनत्याग, हिरव्या भाज्यांचे आणि कंदमुळांचे नियम, पर्वातले उपवास यांबाबत घरात भांडणे होतात. रुग्णालयातील आहारतज्ज्ञांना आपले नियम मोकळेपणाने सांगितले तर कंदमूळ टाळूनही डाळी, दूध, पनीर, शेंगदाणे यांतून पुरेशी प्रथिने मिळतील असा तक्ता त्या करून देऊ शकतात. उपवासाचे तप तिच्या वाट्याचे या वर्षी दुसऱ्या कोणी करावे. तिचे तप औषध वेळेवर घेणे हेच आहे.

ज्यांचा गळाच या आजारात जातो त्यांचे काय? आपल्या भागात तंबाखूने होणारे तोंडाचे आणि घशाचे कर्करोग कमी नाहीत, आणि गादीवर बसून सुपारी-गुटख्याची पुडी तोंडात टाकण्याची सवय व्यापारी पेठेने राज्यात २०१२ साली गुटखाबंदी झाल्यानंतरही पुरती सोडलेली नाही. स्वरयंत्र काढावे लागले तर नैसर्गिक आवाज परत येत नाही. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसविलेल्या लहानशा झडपेच्या साहाय्याने अनेक जण पुन्हा बोलू लागतात. पण तान-आलाप राहत नाहीत. अशा माणसाला मंडळातून वगळण्याचे कारण नाही. टाळ्यांचा ठेका धरणारा, वही उलटणारा, कोणते स्तवन म्हणायचे ते बोटाने दाखविणारा माणूसही मंडळाचाच असतो.

शिवाय ऐकणे हेही गाण्याचेच एक अंग आहे. पंडित कुमार गंधर्वांना ऐन तारुण्यात क्षयाने गाठले. १९४८ साली ते कोरड्या हवेसाठी माळव्यातील देवासला येऊन राहिले. सुमारे पाच वर्षे त्यांना गाण्यास मनाई होती. बेळगाव जिल्ह्यात जन्मलेला, बालपणीच नामवंत झालेला हा गायक अंथरुणावर पडून दारावरून जाणाऱ्या माळवी स्त्रियांची लोकगीते ऐकत असे. पत्नी भानुमतींनी त्यांची शुश्रूषा केली, क्षयावर गुणकारी औषध तोवर उपलब्ध झाले होते, आणि ते उठले तेव्हा त्यांच्या गाण्यात त्या अनोळखी बायांचे सूर मिसळलेले होते. त्या स्त्रियांना आपण कोणाला काय देत आहोत याची कल्पनाही नसावी. औषध आणि सूर यांत कोणाचे श्रेय किती, असा वाद कुमारांच्या बाबतीत कोणी घालीत नाही. कर्करोगाच्या बाबतीत मात्र तो घातला जातो, हे आश्चर्य आहे.

मुंबईला गेल्यावरही गाणे भेटते. परळहून जवळच, दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचार घेणारे दूरदूरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तेथे उतरतात. गाडगेबाबांनी हातात झाडू आणि मुखात कीर्तन घेऊन महाराष्ट्र पालथा घातला आणि लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र त्यांत राहिले नाहीत. कीर्तन आणि आसरा ही दोन कामे त्यांच्या हिशेबी वेगळी नव्हती. त्या आवारात डोक्यावरचे केस गेलेली बाई पाहून कोणी वळून बघत नाही. परभणीत पदराआड लपविलेले डोके तेथे उघडे असते. घरी परतताना देवगिरीत बसल्यावर पदर पुन्हा पुढे ओढला जातो, ही खरी दुःखाची गोष्ट.

ज्या रुग्णालयात ही माणसे जातात त्याच्या मागेही एका उद्योगी घराने न लपविलेले दुःख आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन पावल्या. दोराबजींनी पुढच्याच वर्षी पत्नीच्या नावाने न्यास काढून या रोगाच्या संशोधनासाठी धन दिले. त्याच वर्षी तेही गेले. पुढे त्यांच्या न्यासाच्या पुढाकाराने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. त्या काळी या रोगाचे नाव घेणेही अशुभ मानीत. देशातील एका मोठ्या व्यापारी घराण्याने ते दगडावर कोरले. त्यांची पत त्यामुळे घटली नाही. अलीकडच्या काळातील उदाहरण हवे तर शरद पवारांचे घ्यावे. २००४ साली त्यांना तोंडाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाल्या, आणि तंबाखूच्या सवयीची कबुली देत ते त्याविषयी जाहीर सभांतून बोलत आले. बोलणे जड झाले तरी भाषणे थांबली नाहीत.

परभणी जिल्ह्यातील छोट्या पेठेत एवढे धैर्य एकट्या घराकडून अपेक्षिणे अवघड आहे. पहिले पाऊल मंडळालाच टाकावे लागते, आणि तेही चौकशीच्या सुरात नव्हे. "काय झाले आहे?" असे विचारले की उत्तर "काही नाही" हेच येते. "गुरुवारी तुमच्या ओसरीवर आरती करायची आहे, चालेल ना भाभी?" असे विचारले तर नाही म्हणणे कठीण जाते. पहिल्या दिवशी ती आतल्या खोलीतून ऐकते. दुसऱ्या आठवड्यात दाराच्या चौकटीशी येऊन बसते. डोक्याला रुमाल बांधलेला असतो, त्यावर पदर असतो. कोणी काही विचारीत नाही. कोणीतरी वही तिच्या बाजूला सरकविते.

उपचार संपले म्हणजे आजार संपला असे होत नाही. पहिली दोन-तीन वर्षे दर काही महिन्यांनी तपासणीला जावे लागते. त्या तारखेच्या आधीचा आठवडा घरात सर्वांत जड असतो. बाहेरून सारे पूर्वीसारखे दिसते, केस परत आलेले असतात, गल्ल्यावर ती पुन्हा बसू लागलेली असते, म्हणून मंडळाचे येणे नेमके तेव्हाच कमी होते. जाणत्या मंडळांनी ही तारीख आपल्या वहीत लिहून ठेवावी. तारखेच्या आदल्या संध्याकाळी, गाडीची वेळ होण्यापूर्वी, चार जणी घरी याव्यात. दोन स्तवने म्हणावीत. स्थानकावर सोडायला एकीचा मुलगा यावा. फलाटावर भेटलेल्या अडत्याने "काय, खरेदीला का?" असे विचारले, तर त्या बाईने सहज सांगावे, "नाही, तपासणीला."